स्वतःच्या फाइलींचा टोरंट कसा बांधावा, आणि बांधण्याआधी काय तपासावं

आमचा नऊ जणांचा गट आहे. छंद एकच, रात्रीचे आवाज टिपायचा. घुबडं, रातवे, बेडूक, रातकिडे. संध्याकाळी रेकॉर्डर झाडाला बांधायचा, सकाळी सोडून आणायचा. गेल्या हंगामात माझ्या वाट्याला पाच रात्री आल्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशी साधी वेव्ह फाइल ठेवली की तासाला एक जीबीच्या किंचित वर जागा लागते. आठ तासांच्या पाच रात्री म्हणजे साडेएकेचाळीस जीबी. हा सगळा संच उरलेल्या आठ जणांना द्यायचा होता.

माझ्या इंटरनेटचा बाहेर पाठवायचा वेग १० मेगाबिट. आठाने भागा: सेकंदाला सव्वा मेगाबाइट. त्या वेगाने एका माणसाला संच पोचवायला नऊ तास लागतात आणि आठ जणांना एकेक करून द्यायला तीन दिवस. क्लाउडवर टाकून लिंक द्यायचं आधी करून पाहिलं होतं. एकाचं ९० टक्क्यांवर तुटलं आणि पुन्हा शून्यापासून सुरू झालं, दुसऱ्याने लिंक उघडेपर्यंत तिची मुदत संपली. म्हणून या वेळी म्हटलं, टोरंट करू.

गटातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचा लगेच फोन. "टोरंट? तो चोरीचा माल ना गं? मला नको त्यात ओढूस."

त्यांना समजावताना जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी अण्णांचा प्रश्न

गाणी आपसात वाटायचं नॅपस्टर १९९९ साली आलं. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कुणाकडे काय आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. खटल्यात ती यादीच सापडली आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टरचं जाळं बंद पडलं. योगायोग असा, की त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने बिटटोरंटची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. त्यातला विचार गाण्यांचा नव्हताच. मोठी फाइल एकाच ठिकाणाहून अनेकांना द्यायची तर त्या एकावर सगळा भार पडतो, मग घेणाऱ्यांनाच एकमेकांना द्यायला का लावू नये? फाइलीचे तुकडे करायचे. पहिला तुकडा मी एकाला देते, दुसरा दुसऱ्याला, आणि ते दोघं आपसात अदलाबदल करतात. ज्या तुकड्याच्या प्रती सगळ्यात कमी, तो प्रोग्राम आधी मागून घेतो. सगळं सुरळीत चाललं तर माझ्याकडून जेमतेम एकदीड संच बाहेर जातो आणि आठही जणांचं काम होतं.

चोरी होतेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण न्यायालयांनी ती कुठे पाहिली हे बघण्यासारखं आहे. २००५ साली ग्रोकस्टर या फाइली वाटायच्या प्रोग्रामच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की साधन बनवणाऱ्याने हक्कभंगाला उत्तेजन दिलं असेल तर तो जबाबदार. नुसतं साधन असणं हा त्यातला गुन्हा नव्हता. उलट २००९ साली स्टॉकहोममध्ये पायरेट बे ही टोरंटची साइट चालवणाऱ्या चौघांना शिक्षा झाली. त्यांच्या सर्व्हरवर एकही सिनेमा नव्हता, होत्या फक्त टोरंट फाइली, म्हणजे तुकड्यांचा हिशोब असलेल्या छोट्या फाइली. "माल माझ्याकडे नव्हताच" हे चाललं नाही.

टोरंटमध्ये घेणारा त्याच क्षणी देणाराही असतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात. "मी फक्त बघण्यापुरतं उतरवलं" असं म्हणायची सोयच नाही, कारण उतरवता उतरवता तुमच्या यंत्राने अर्धा सिनेमा परक्या माणसांना वाटलेला असतो. आणि वाटणाऱ्या झुंडीत जो कुणी आहे त्याला बाकीच्यांचे आयपी पत्ते दिसतात. प्रोग्राममधली पीअर्सची, म्हणजे झुंडीतल्या यंत्रांची, यादी उघडा, तुम्हालाही दिसतील. हक्कधारकांनी नेमलेली माणसंही त्याच यादीत बसून पत्ते टिपून घेतात. व्हीपीएन लावला की पत्ता बदलतो, वाटप थांबत नाही.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आपलेच आवाज आपण वाटले तर?" तर काही नाही अण्णा. हक्क तुमचा, माल तुमचा.

बांधायच्या आधी एक उतरवून बघा

प्रोग्राम कुठला? क्यूबिटटोरंट किंवा ट्रान्समिशन. दोन्ही मुक्त स्रोताचे, जाहिरातींविना. शोधयंत्रात नाव टाकून पहिली दिसेल ती लिंक उघडू नका, वर जाहिरात म्हणून आलेली भलतीच साइट असू शकते. प्रकल्पाच्या मूळ साइटवर जा. आणि तिथूनही घेतलं म्हणून डोळे मिटू नका: मार्च २०१६ मध्ये खुद्द ट्रान्समिशनच्या अधिकृत साइटवर कुणीतरी २.९० आवृत्तीची मॅकसाठीची फाइल बदलून ठेवली होती. ती बसवणाऱ्यांच्या यंत्रात तीन दिवस काही झालं नाही, मग खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद करायला सुरुवात केली. प्रकल्पाने चूक लपवली नाही, लगेच नवी आवृत्ती काढली. पण तेव्हापासून मी कुठलंही इन्स्टॉलर हॅश जुळवल्याशिवाय उघडत नाही.

हॅश म्हणजे फाइलीचा अंगठा. शा-२५६ पद्धतीने कुठल्याही फाइलीतून ६४ अक्षरांची ओळ निघते आणि आत एक बिट जरी बदलला तरी ओळ पार वेगळी येते. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती काढायची सोय असते. ती ओळ साइटवर छापलेल्या ओळीशी जुळवायची. मी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं बघून भागवायची, आता पूर्ण ओळ चिकटवून शोध घेते.

सरावाला डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम किंवा लिब्रेऑफिस घ्या, दोघेही आपणहून टोरंट देतात. इंटरनेट अर्काइव्हवरच्या लाखो जुन्या पुस्तकांना आणि ध्वनिमुद्रणांनाही २०१२ पासून टोरंट आहेत. उतरत असताना पडद्यावर काय चाललंय ते निवांत बघा. किती सीडर, म्हणजे पूर्ण प्रत असलेले, किती पीअर, कोणते तुकडे आले, तुमच्याकडून किती गेलं. अर्धा तास नुसतं बघितलं की मी इथे लिहिणार आहे त्यातलं निम्मं आपोआप कळतं.

एक गोष्ट तेव्हाच आवरून घ्या. पाठवायच्या वेगाला मर्यादा घाला, तुमच्या जोडणीच्या साधारण ८० टक्के. पाठवायचा रस्ता तुडुंब भरला की उतरवणंही मंदावतं, कारण "पोचलं, पुढचं पाठव" ही पावतीसुद्धा त्याच रस्त्याने जाते. घरात कुणाचा व्हिडिओ कॉल चालू असेल तर ते तुम्हाला हे माझ्याहून मोठ्या आवाजात सांगतील.

गठ्ठा बांधण्याआधी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण टोरंट परत घेता येत नाही. क्लाउडवरची लिंक मागे घेता येते, ईमेलबद्दल निदान गयावया करता येते. टोरंट एकदा चार जणांकडे पूर्ण झाला की तुम्ही तुमची प्रत पुसली तरी तो जिवंतच राहतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका दुर्मीळ घुबडाच्या घरट्याजवळचं मुद्रण वाटलं. फोल्डरच्या नावात ओढ्याचं नाव, झाडाचं वर्णन, तारीख, सगळं होतं. मला वाटलं, नीटनेटकं काम. महिन्याभरात त्या झाडाखाली कॅमेरे घेऊन माणसं उभी. फाइल मागे घ्यायला बघितलं तेव्हा ती माझ्या ओळखीत नसलेल्या अकरा जणांकडे पूर्ण होती.

तेव्हा आता माझी पद्धत अशी. फाइलींना नावं फक्त क्रमांकाने आणि जागेच्या सांकेतिक अक्षराने द्यायची, खरी ठिकाणं माझ्या वहीत. रेकॉर्डर वेव्ह फाइलीच्या आतही तारीख, वेळ, यंत्राचं नाव लिहून ठेवतो, ते मेटाडेटा दाखवणाऱ्या प्रोग्रामात उघडून बघायचं आणि नको ते पुसायचं. मग ऐकायचं. चाळीस तास ऐकणं शक्य नाही, पण सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं ऐकायचीच, कारण रेकॉर्डर लावताना आणि काढताना आपण बोलत असतो. एका मुद्रणात माझ्या मैत्रिणीने तिच्या वरिष्ठांबद्दल जे काही सांगितलं होतं, ते आठ जणांच्या कानी गेलं असतं.

मग परवाना. "आपल्याच गटात आहे, कशाला लागतो?" असं मलाही वाटायचं. पुढे माझे बेडूक एका झोप लागण्याच्या ॲपमध्ये ऐकू आले, 'पावसाळी रात्र' या नावाने, पैसे घेऊन. माझं नाव कुठेच नाही. फाइलीसोबत मी काही लिहून दिलेलं नव्हतं. कायद्याने हक्क तसाही माझाच होता, पण सरळमार्गी माणसालाही काय चालेल नि काय नाही हे कळायला काहीतरी लागतं. आता फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल असते: कुणी मुद्रित केलं, कोणत्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, संपर्क कसा करायचा. मी 'श्रेय द्या, व्यापारी वापर नको' हा परवाना वापरते. तुम्ही तुमचा निवडा. मात्र गठ्ठ्यात दुसऱ्या कुणाचा आवाज, संगीत किंवा फोटो असेल तर त्याची परवानगी आधी, तीही लेखी.

सगळं झालं की फोल्डरला हात लावायचा नाही. नाव बदलायचं नाही, टॅग दुरुस्त करायचे नाहीत. टोरंट बांधताना प्रत्येक तुकड्याचा हॅश त्यात कोरला जातो, नंतर एका फाइलीतलं शुद्धलेखन सुधारलंत तरी तो तुकडा बाद. नुसत्या नावाने हॅश बिघडत नाही, पण प्रोग्रामला फाइल सापडत नाही आणि तो ती हरवली म्हणून सांगतो. दुरुस्ती करायचीच असेल तर नवा टोरंट. आणि फोल्डर रोजच बदलणारा असेल तर टोरंट हे त्याचं हत्यारच नव्हे. त्यासाठी सिंकथिंग बघा, तेही यंत्राकडून थेट यंत्राकडे जाणारं आहे.

आता बांधा

क्यूबिटटोरंटमध्ये 'टूल्स'मध्ये 'टोरंट क्रिएटर' आहे. फोल्डर निवडा. तुकड्याचा आकार 'ऑटो' ठेवला तरी चालतं, पण गणित कळलेलं बरं. मूळ पद्धतीत प्रत्येक तुकड्यामागे २० बाइटचा हॅश टोरंट फाइलीत जातो. माझ्या संचाला २५६ केबीचे तुकडे केले तर दीड लाखावर तुकडे होतात आणि नुसती टोरंट फाइल तीन एमबीची. ८ एमबीचे केले तर पाच हजाराच्या आत तुकडे, टोरंट फाइल १०० केबीच्या आसपास. मी ८ एमबी घेते. फार मोठा तुकडाही नको, कारण पूर्ण तपासून झाल्याशिवाय तो पुढे देता येत नाही.

'प्रायव्हेट' अशी एक खूण असते. नाव वाचून लगेच टिक करावीशी वाटते, मीही केली होती, आणि दोन दिवस एकही माणूस जोडला गेला नाही. ती खूण म्हणजे गुप्तता नव्हे. तिचा अर्थ एवढाच, की पीअर फक्त ट्रॅकरकडून मिळवा, डीएचटीवर शोधू नका. ट्रॅकर म्हणजे कोण कुठे आहे सांगणारा सर्व्हर. माझ्याकडे ट्रॅकर नव्हता आणि डीएचटी मी बंद केलेलं, मग शोधणार कसे? डीएचटी म्हणजे ती नॅपस्टरची यादीच, पण कुठल्या एका सर्व्हरवर न ठेवता भाग घेणाऱ्या सगळ्या यंत्रांवर थोडी थोडी वाटून ठेवलेली. ट्रॅकरचा रकाना रिकामा आणि खूण काढलेली, असं ठेवलं तर डीएचटीवर काम भागतं, पहिला माणूस सापडायला काही मिनिटं लागतात इतकंच.

पण डीएचटीवर जे आहे ते उघड्यावर आहे. तिथे काय फिरतंय ते टिपणारे प्रोग्राम सतत चालू असतात, तेव्हा "लिंक तर मी फक्त आठ जणांना दिली" हे समाधान खोटं. ते अकरा अनोळखी लोक कदाचित तसेच आले असावेत. खरंच खाजगी काही असेल तर आधी सेव्हन-झिपने पासवर्ड घालून बंद करा, 'फाइलींची नावंही झाका' हा पर्याय निवडा, मग त्या बंद पेटीचा टोरंट बांधा. पासवर्ड फोनवर सांगा.

बांधून झालं की टोरंट फाइल ईमेलने पाठवा किंवा मॅग्नेट लिंक. लिंकमध्ये फाइल नसते, फक्त गठ्ठ्याचा हॅश असतो, बाकी सगळं जोडले गेलेले लोक पुरवतात.

कुणी जोडलंच जात नाही

निम्मी भांडणं इथली. दोन यंत्रं जोडली जायची तर किमान एकाच्या दारात दुसऱ्याला येता आलं पाहिजे. राउटर ते दार बंद ठेवतो. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये यूपीएनपी चालू केलं की बऱ्याच राउटरवर दार आपोआप उघडतं, नाही तर राउटरमध्ये जाऊन प्रोग्रामचा पोर्ट, म्हणजे त्या दाराचा क्रमांक, हाताने पुढे वळवायचा.

तरी नाही जमलं तर राउटरच्या पानावर त्याला मिळालेला बाहेरचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काहीने सुरू होत असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या राउटरमागे, इतर ग्राहकांसोबत एकाच पत्त्यात आहात. तिथे पोर्ट कितीही वळवा, उपयोग शून्य. मोबाइल इंटरनेटवर हे फार. माझं तसंच निघालं. तीन संध्याकाळी मी राउटरला शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नव्हता. उपाय दोन: आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत दोन्हीकडे चालू असेल तर ती वापरा, किंवा गटातल्या ज्याचं दार उघडं आहे त्याला पहिली प्रत द्या. आमच्यात ते निघाले अण्णा. मी त्यांच्याशी जोडली गेले, संच पोचू लागला, आणि बाकीचे सगळे अण्णांच्या दारातून आत आले. ज्यांना यात पडायचं नव्हतं ते गृहस्थ दोन दिवस आम्हा सगळ्यांचा सर्व्हर झाले होते.

अनोळखी गठ्ठा आला तर

तुकड्यांचे हॅश जुळले याचा अर्थ बांधणाऱ्याने जे बांधलं तेच तुमच्यापर्यंत आलं. बांधणारा प्रामाणिक होता की नाही, हे हॅश सांगत नाही. सील शाबूत, आत काय आहे देव जाणे.

कॉलेजात मी साळसूद नव्हते. ध्वनिसंपादनाचा एक महागडा प्रोग्राम फुकटात उतरवला. सोबतच्या कागदात लिहिलेलं, आधी अँटिव्हायरस बंद करा, मग क्रॅक, म्हणजे परवाना तोडणारा प्रोग्राम, चालवा. मी केलं. तीन आठवड्यांनी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि एकही उघडेना. माझ्या पहिल्या हंगामाची मुद्रणं त्यात गेली. त्या प्रोग्रामात मला जे करायचं होतं ते सगळं ऑडॅसिटीत फुकट होत होतं, हे नंतर कळलं.

विंडोजमध्ये फाइलींची शेपटं (एक्स्टेन्शन) दाखवण्याची सेटिंग चालू करा, मुळात ती लपवलेली असतात. व्हिडिओ म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई, एससीआर किंवा एलएनके असेल तर पुसून टाका. दोन तासांचं चित्रण पाच एमबीत असूच शकत नाही. पासवर्ड घातलेली झिप आणि पासवर्ड शेजारच्या मजकूर फाइलीत, हा प्रकार अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. "हे बघायला आमचा प्लेअर बसवा" याला उत्तर द्यायचीही गरज नाही. आणि हजारो सीडर दिसले म्हणून भुलू नका, तो आकडा खोटा दाखवता येतो.

बंद कधी करायचं

उतरून झाल्याबरोबर प्रोग्राम बंद करणारे आमच्यातही दोघं आहेत. नावं घेत नाही, त्यांना माहीत आहे. निदान जितकं घेतलं तितकं द्यावं, म्हणजे रेशो १ झाल्यावर थांबावं, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. पण लहान गटात रेशोपेक्षा पीअर्सच्या यादीतले टक्के बघा. तुम्ही ज्यांच्याशी जोडलेले आहात त्यांच्यापैकी कुणाकडे किती संच पोचला ते तिथे दिसतं. कुणाचेच १०० झाले नसतील आणि पूर्ण प्रत फक्त तुमच्याकडे असेल तर तुम्ही उठलात की सगळे ९७ टक्क्यांवर लटकू शकतात.

तिसऱ्या दिवशी रात्री अकराला अण्णांचा फोन. "पंखा फार आवाज करतोय गं याचा. करू का बंद?" मी यादी बघितली, चौघांचे १०० टक्के झाले होते. म्हटलं, करा अण्णा, झोपा आता.